गफूर मास्तरांचा शनिवारचा पंचनामा

केदारखेड्याच्या आमच्या शाळेत तिसरीचा वर्ग चालू होता. मी फळ्यावर हातच्याची वजाबाकी लिहीत होते. पोरं एकाएकी गप्प झाली म्हणून वळून पाहिलं, तर दारात माझे वडील उभे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादा मंठ्याचे, दुसऱ्याच्या शेतात सालानं काम करणारे. कारणाशिवाय एक दिवसही काम न बुडवणारे. मंठ्याहून जालना आणि जालन्याहून भोकरदनची गाडी असा सगळा प्रवास करून ते आले होते, आणि चपला बाहेर काढून, डोक्यावरचा पटका हातात घेऊन उंबऱ्याशी थांबले होते. "दादा, आई बरी हाये ना?" मी तिथूनच विचारलं. ते म्हणाले, "आई बरी हाये. तुझे मास्तर गेले, पोरी. परवा पहाटं. नमाजाला उठले आन् पुन्हा बसले ते बसलेच..." मग म्हणाले, "पत्र टाकणार व्हतो. मंग म्हणलं, ही गोष्ट पत्रानं सांगायची न्हाई."

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. गफूर मास्तर कुणी मोठे गृहस्थ नव्हते. मंठ्याच्या शाळेत सुतारकाम आणि लोहारकाम शिकवणारे उद्योगाचे शिक्षक, एवढीच त्यांची ओळख. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ज्यांच्यावर लेख येतात त्या माणसांत त्यांचं नाव बसायचं नाही, हे मला कळतं. तरी लिहिते आहे. कारण हाताने वस्तू बनवायला शिकवणारे शिक्षक पुष्कळ असतात. वस्तू बनवण्याआधी काय विचारायचं हे शिकवणारा माणूस मी एकच पाहिला.

त्यांचे वडील जालन्यात पत्र्याच्या पेट्या बनवायचे. मास्तर सातवीपर्यंत उर्दूत शिकले, निजामाचं राज्य गेल्यावर मराठी लिहायला शिकले आणि हस्तव्यवसायाचा कोर्स करून मंठ्याच्या शाळेत लागले. उंच, किंचित वाकलेले, कानावर पेन्सिल, आणि नजर सतत दुसऱ्याच्या हातातल्या वस्तूवर. बाजाराच्या दिवशी ते भाजी घ्यायला निघाले की घरी पोहोचायला दुपार व्हायची. वाटेत कुणाची चाळणी फाटलेली दिसली, कुणाच्या कंदिलाची कडी तारेने बांधलेली दिसली की हे थांबणार. "ही कडी इथंच का तुटली, बाई? तुम्ही उजव्या हातानं उचलता का?" बायका आधी बुजायच्या, मग हसायच्या, मग सांगायला लागायच्या. आणि मास्तर ऐकत राहायचे. दुसरा माणूस कीर्तन ऐकतो तसे.

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास त्यांचे असत. त्या तासांना मुलं 'पंचनामा' म्हणायची. प्रत्येकाने घरातली एक मोडकी वस्तू आणायची. मधल्या मोठ्या टेबलावर ती ठेवायची आणि सगळ्यांनी भोवती उभं राहून तिचा पंचनामा करायचा. कुठे मोडली, आधी काय झिजलं, कोण वापरत होतं, कशासाठी वापरत होतं, ती दुरुस्त कोण करू शकतं, आणि दुरुस्त नाहीच झाली तर तिचं पुढे काय होणार... उखळ आणा, पेटी आणा, कुलूप आणा, प्रश्न सुटायचे नाहीत. एकदा एका मुलाने खेळण्यातली प्लॅस्टिकची बैलगाडी आणली. चाक निखळलं होतं. मास्तरांनी ती बराच वेळ हातात फिरवली, खिळा नाही, स्क्रू नाही, कुठे उघडायला जागा नाही. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ज्यानं ही बनवली त्याला चाक निखळंल हे माहीतच न्हाई बघा. त्यानं फक्त दुकानापर्यंतचा विचार केला. आपून दुकानाच्या पुढचा करायचा."

शाळेच्या अभ्यासक्रमात मात्र दरवर्षी प्रत्येक मुलाने एक लाकडी ट्रे बनवायचा असं होतं. वर्गाच्या कोपऱ्यात एक कपाट होतं, त्यात आधीच्या वर्षांचे ट्रे एकावर एक रचलेले, काहींना वाळवी लागलेली. मास्तरांनी एका वर्षी वर्गाला विचारलं, "कुणाच्या घरी ट्रे लागतो?" एकही हात वर झाला नाही. त्यांनी ट्रे बंद करून टाकले. तपासणीला साहेब आले तेव्हा ट्रे दिसले नाहीत म्हणून हेडमास्तरांना बोलणी बसली आणि हेडमास्तरांनी ती मास्तरांच्या अंगावर ढकलली. मास्तर वाद घालणारे नव्हते. आठवडाभरात त्यांनी सगळ्या मुलांकडून ट्रे करून घेतले, साहेबांना दाखवले, साहेबांची गाडी वळणाआड गेली तशी मुलांना म्हणाले, "आता खोला." ते ट्रे त्यांनी मुळातच स्क्रूवर जोडून घेतले होते, डिंक लावू दिला नव्हता. त्या फळ्यांनी पाचवीच्या वर्गाची मोडकी बाकं उभी राहिली.

हे ट्रेचं मी नंतर ऐकलेलं. मी त्यांच्या वर्गात नव्हतेच. मुलींना उद्योगाला शिवणकाम असे, आणि मी बारा-तेरा वर्षांची, सातवीत, तिथे बटणं लावत बसलेली असायची. मी दोन वर्षांची असताना मला ताप आला आणि उजवा पाय गेला. पोलिओ हा शब्द आमच्या घरात खूप नंतर आला. औरंगाबादहून मला कॅलिपर मिळालं होतं. पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, खाली जड काळा बूट. गुडघ्यापाशी एक कडी होती. उभं राहिलं की ती खाली सरकवायची म्हणजे पाय ताठ राहतो, बसायचं तर वर ओढायची. एका दुपारी शाळेच्या मैदानात त्या बुटाचा तळ उखडला. पावसाळ्यातली आमच्याकडची काळी माती तुम्हांला माहीत असेल, पाय घातला की ती तो परत देत नाही. मी एका पायावर भिंतीला धरून उभी होते. मास्तर वर्गातून बाहेर आले, मला धरून आत नेऊन बसवलं, आणि इतर मोठी माणसं करतात तसं चुकचुकले नाहीत. त्यांनी विचारलं, "मी ह्ये बघू का?"

मला आठवतं, तोपर्यंत कुणी तसं विचारलंच नव्हतं. डॉक्टर सरळ हात लावायचे, नातेवाईक सरळ बघायचे. मी मान हलवली. त्यांनी तो सांगाडा काढून टेबलावर ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तोवर माझ्या पायाच्या बाबतीत कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. नवल! "वा," ते म्हणाले, "ही कडी कुणी शोधली असंल?" मग प्रश्न सुरू झाले. चिखल कडीत जातो का? जातो. मंग काय करते? काडीनं कोरते. बूट फाटला तर? औरंगाबादला. पट्टी आखूड झाली तर? औरंगाबादला. उंची वाढंल तशी नवीन? हो. आन् जुनी कुठं जाती? मला माहीत नव्हतं. घरी एक जुनं, लहानपणचं, दाराच्या मागे खुंटीला टांगलेलं होतं, एवढंच मी सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "घरात बूट घालून जाती का?" मी म्हणाले, "न्हाई. दाराशी सगळं काढती. मंग घरात सरपटती." ते म्हणाले, "ज्यानं ह्ये बनवलं, त्याच्या मुलखात घरात बूट घालून फिरत असतील. मातीच्या जमिनीवर जेवायला बसत नसतील."

दुसऱ्या दिवशी शाळेत हशा पिकला होता. मास्तर स्वतःच्या उजव्या पायाला दोन पट्ट्या बांधून आले होते, गुडघा न वाकणाऱ्या. दिवसभर तसेच हिंडले. पायऱ्या चढले, पाण्याच्या हौदाशी गेले, डबा खायला जमिनीवर बसले आणि बसता येईना म्हणून कलंडले. दुपारची नमाज त्यांनी बाकावर बसून अदा केली. मुलं हसत होती आणि मलाही हसू येत होतं, पण संध्याकाळी त्यांनी मला बोलावून विचारलं, "जेवायला बसताना तू आधी हात कुठं टेकती? मला दिवसभर जमलं न्हाई." मी त्यांना बसून दाखवलं. आधी डाव्या गुडघ्यावर, मग उजवा हात मागे, मग पाय पुढे सोडायचा. त्यांनी ते दोनदा करून पाहिलं. मी एका मोठ्या माणसाला काहीतरी शिकवत होते!

हेडमास्तरांना सांगून त्यांनी मला शिवणकामातून काढून आपल्या वर्गात घेतलं. मुलगी म्हणून कुरकुर झाली. मास्तर म्हणाले, कॅलिपरबद्दल सगळ्या शाळेत तिच्याइतकं कुणाला कळत नाही, ती नसेल तर काम होणार नाही. मग दोन महिने आमच्या शनिवारच्या टेबलावर माझं खुंटीवरचं जुनं कॅलिपर होतं. मास्तरांच्या अटी सोप्या होत्या आणि कडक होत्या. यातला प्रत्येक तुकडा मंठ्यात बनला पाहिजे आणि मंठ्यात दुरुस्त झाला पाहिजे. बोल्ट असा की सायकलवाल्याचा पाना चालला पाहिजे. मी वाढेन तशा पट्ट्या वाढल्या पाहिजेत. आणि मला नको होईल तेव्हा ते दुसऱ्या पोराच्या कामाला आलं पाहिजे. बुटाऐवजी चांभाराकडून चामड्याचा मोजा करून घेतला आणि त्यावर टायरच्या तळाची वेगळी चप्पल. म्हणजे दाराशी चप्पल निघणार, पट्ट्या पायालाच राहणार, मी उभ्याने घरात जाणार. पट्ट्या दोन-दोन तुकड्यांच्या, एकमेकींवर चढणाऱ्या, त्यांना रांगेने भोकं. उंची वाढली की बोल्ट पुढच्या भोकात. त्या भोकांची कल्पना मास्तरांचीच होती आणि तिचा त्यांना मोठा आनंद होता. "बिलकुल सोपं!" ते म्हणायचे.

ते घालून मी पहिल्यांदा आमच्या घरात उभ्याने शिरले तेव्हा आई चुलीपुढून उठलीच. मी तिच्याएवढी उंच झाले होते, हे तिला आणि मला तेव्हा कळलं. चूल, फडताळ, कोनाड्यातला बाबासाहेबांचा फोटो, सगळं मला नव्या उंचीवरून दिसलं. मी विनाकारण चार वेळा आतबाहेर केलं.

नवव्या दिवशी शाळेच्या पायऱ्यांवर पट्टी मोडली. सगळ्यांत खालच्या भोकापाशी, काडकन. मी डाव्या हातावर पडले आणि कोपर मोडलं.

जालन्याच्या दवाखान्यात मास्तर आमच्याबरोबर आले होते. हाडाच्या डॉक्टरांनी आधी माझा हात पाहिला आणि मग टेबलावर ठेवलेली ती मोडकी पट्टी. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. मास्तर पुढे झाले. डॉक्टर आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "तुम्ही शिक्षक आहात ना? मग शिकवा. माणसाच्या पायावर प्रयोग करू नका." बाहेर व्हरांड्यात आलो आणि दादा, जे मालकापुढेही मान वर करत नाहीत, ते मास्तरांपुढे उभे राहिले. "मास्तर, माझी पोर म्हंजी तुमच्या शाळंतली फळी हाये का? भोकं पाडून बघायला?" परतीच्या गाडीत मास्तर मागच्या बाकावर एकटे बसले होते, मोडकी पट्टी मांडीवर घेऊन.

तीन आठवडे मी शाळेत गेले नाही. गेले त्या दिवशी शनिवार होता, माझा हात प्लास्टरमध्ये आणि पायाला पुन्हा औरंगाबादचं कॅलिपर. मास्तरांनी मला टेबलाजवळ खुर्ची दिली. टेबलावर ती पट्टी होती. "आज पंचनामा माझ्या कामाचा हाय," ते म्हणाले. "कुणी हसायचं न्हाई, आन् कुणी कीव बी करायची न्हाई. विचारा." एका मुलाने विचारलं, "सर, भोक इथंच का पाडलं?" मास्तर म्हणाले, "कारण तिथं पाडायला सोपं होतं." "वजन तिथं जास्त येतं का?" "सगळ्यात जास्त. ते डॉक्टरांना माहीत होतं. मी त्यांना विचारलं न्हाई." "आधी वजन टांगून बघितलं का?" "न्हाई. मला घाई झाल्ती. पोरगी घरात उभी राहिलेली बघायची घाई."

मग माझी वेळ आली. मला जे बोलायचं होतं ते घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. "सर, मोडायच्या आधी तीन दिवस आवाज येत होता. किर्र किर्र असा. मी सांगितलं न्हाई." "का?" "तुम्ही काढून घेतलं असतं." मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. "मंग त्यो बी माझाच दोष," ते हळू म्हणाले. "वापरणाऱ्याला सांगायची भीती वाटावी, अशी वस्तू मी तिला दिली." आणि नवीन काही करणार नाही, डॉक्टरांचं बराबर आहे, असं सांगून त्यांनी पट्टी कपाटात ठेवून दिली.

घरी आल्यावर मी दादांना हे सगळं सांगितलं. दादा जेवता जेवता थांबले. "सगळ्या पोरांसमोर म्हणला? माझी चूक हाये म्हणून?" मी हो म्हणाले. "मास्तर लोक असं म्हणत न्हाईत," ते स्वतःशीच म्हणाले. मग हात धुऊन उठले आणि माझ्यापाशी येऊन त्यांनी विचारलं, "तुकडे जोडायचे कशानं हा सवाल हाये ना? आन् वाढवता बी आले पायजेत?" मी म्हणाले हो.

सोमवारी सकाळी दादा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शाळेत आले. हातात एक लोखंडी कडं होतं. नांगराचा फाळ लाकडावर घट्ट बसावा म्हणून वरून जे कडं ठोकतात, त्याला आमच्याकडे वसू म्हणतात, ते. त्यांनी ते मास्तरांच्या टेबलावर ठेवलं. "मास्तर, फाळ नांगराला बसवतेत तं फाळाला भोक पाडतेत का?" मास्तर म्हणाले, "न्हाई." "ढिला झाला तं?" "कडं ठोकतेत." "झिजला तं?" "कडं काढून पुढं सरकवतेत..." आणि मास्तरांचं बोलणं तिथेच अडलं. त्यांनी ते कडं उचललं, खिडकीपाशी नेलं, दोन बोटांत धरून फिरवलं आणि लहान पोरासारखे हसायला लागले. "दादाराव," ते म्हणाले, "रोज शाळेसमोरून नांगर जातो. मी कधी विचारलंच न्हाई बघा." दादाही हसले. त्या व्हरांड्यानंतर ते दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघत होते. मग दोघं जमिनीवर उकिडवे बसले आणि खडूने फरशीवर चित्रं काढायला लागले. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पुढचं काम सावकाश झालं. पट्ट्यांना एकही भोक नाही. एकीवर एक चढवून त्यांना वसूसारखी दोन कडी, आणि कडं आवळायला बाजूने सायकलचा बोल्ट. लोहाराने कडी घडवली, दादा शेजारी उभे. तयार झालेली पट्टी मास्तरांनी वर्गाच्या तुळईला टांगली आणि तिला ज्वारीचं पोतं बांधलं. ते पोतं पंधरा दिवस लोंबकळत होतं. रोज एकेका मुलाने जाऊन पट्टीला कान लावायचा आणि आवाज येतो का ते सांगायचं. मग आम्ही ती घेऊन जालन्याला त्याच डॉक्टरांकडे गेलो. मास्तरांनी पट्टी पुढे केली आणि म्हणाले, "साहेब, यावेळी आधी विचारायला आलो." डॉक्टरांनी ती वाकवून पाहिली, पिळून पाहिली, गुडघ्यापाशी आणि घोट्यापाशी दोन बदल सांगितले. "जड आहे," ते म्हणाले. मास्तर म्हणाले, "हाय." "पण मोडायची नाही." मग डॉक्टरांनी विचारलं, "हे कडं कुणाच्या डोक्यातून निघालं?" मास्तरांनी दादांकडे बोट दाखवलं. दादा दाराबाहेर उभे होते. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली.

ते कॅलिपर मी चार वर्षं वापरलं. तीन वेळा वाढवलं, दर वेळी सायकलच्या दुकानात. मोजा चांभाराने दोनदा बदलला. मधलं एक वर्ष दुष्काळाचं गेलं. शाळेत नवं लाकूड आलं नाही, लोखंड आलं नाही. इतर वर्ग रडतखडत चालले, आमचा मात्र भरभरून, कारण आम्हांला मोडक्या वस्तूच लागत. दुष्काळी कामावरच्या बायका फावडी आणि घमेली घेऊन यायच्या, आणि दांडे मानेपाशीच का तुटतात यावर आमचे शनिवार गेले. लाकूड ओलं असतानाच दांडा बसवतात आणि वाळल्यावर तो मानेपाशी ढिला होतो, हे आम्ही शोधून काढलं. म्हणजे खरं तर एका बाईने सांगितलं, आम्ही विचारलं. पाऊस झाल्यावर मास्तरांनी शाळेच्या कुंपणाला बाभळीचं बी लावून घेतलं. जेवढं लाकूड वर्गाने वापरलं तेवढं कुठेतरी उभं राहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. निम्मी रोपं बकऱ्यांनी खाल्ली. त्याचाही पंचनामा झाला.

ते मला नको झाल्यावर डॉक्टरांनी परतूरकडच्या एका पोराला दिलं. पुढे नव्या जालन्यातल्या एका कारागिराला मास्तरांनी सुट्टीत जाऊन ते काम शिकवलं. अशी कॅलिपर वापरणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांना मास्तरांचं नाव माहीत नसेल.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, नाहीतर हा लेख खोटा होईल. ते कॅलिपर जड होतं. मला ते आवडायचं, आणि मला त्याची लाजही वाटायची. मी जालन्याला डी. एड.ला गेले तेव्हा एका शिबिरात मला पुण्याहून आलेलं हलकं, चकचकीत अल्युमिनियमचं कॅलिपर मिळालं. मी ते त्याच दिवशी घातलं. आणि दिवाळीत मंठ्याला आले तेव्हा मास्तरांच्या घरावरून जायचं टाळलं. दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी बाजारात ते समोरच उभे! त्यांची नजर, नेहमीप्रमाणे, आधी वस्तूवर गेली. मला वाटलं, आता यांचं तोंड उतरणार. त्यांचे डोळे चमकले. "अरे! ह्ये कवा आलं?" भर बाजारात ते खाली बसले. "मी बघू का?" त्यांनी विचारलं, पहिल्या दिवसासारखंच. घरी नेऊन त्यांनी ते हातात घेऊन तोललं, दहा वेळा तोललं. "किती हलकं केलंय, वा! मला ह्ये कधी जमलं नसतं." मी म्हणाले, "सर, तुम्हांला वाईट न्हाई वाटलं?" ते चकित झाले. "वाईट कशाचं? तू आता जिना चढती ना जल्दी?" मग त्यांची बोटं सांध्यापाशी थांबली. तिथे रिव्हेट होती, दाबून बंद केलेली. "ह्ये मोडलं तं कोण खोलणार?" मीही सांधा उलटून पाहिला, खोलायला जागा नव्हती. "तू विचार पुण्याच्या लोकांना. पत्र लिही. रागानं न्हाई, त्यांना बी माहीत नसंल." मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मास्तर दर भेटीत पहिल्यांदा तेच विचारायचे, उत्तर आलं का? त्यांच्या प्रश्नांना कंटाळा माहीत नव्हता.

आमची शेवटची भेट या उन्हाळ्यातली.

दादा मला घ्यायला आले त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर लगेच निघाले, पण मास्तरांची माती होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, जैनबचाची, पांढऱ्या ओढणीत पडवीत बसल्या होत्या. बायका येत होत्या, जात होत्या. गर्दी कमी झाल्यावर चाची मला म्हणाल्या, "बेटी, मागं चल. एक चीज हाय, मला समजून न्हाई राह्यली." मागच्या खोलीत मास्तरांचं घरचं काम चालायचं. खिडकीखाली एक अर्धवट बैठक होती, बाभळीच्या लाकडाची, वीतभर उंचीची, पाटाहून उंच आणि स्टुलाहून ठेंगणी. चाचींचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. चुलीपुढून उठताना त्यांना भिंत धरावी लागते. एका बाजूला हात टेकायला दांडा बसवायची खाच पेन्सिलीने आखलेली होती, आणि दुसऱ्या बाजूलाही तशीच आखलेली. खोदलेली एकही नव्हती. फळीवर मास्तरांच्या अक्षरात दोन ओळी होत्या. चाचींना मराठी वाचता येत नाही. "हिसाब लिवलाय का?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "जैनबला विचारायचं राहिलं. उठताना कोणता हात टेकते?"

चाचींनी ओढणी तोंडाशी धरली. मग म्हणाल्या, "मलाच कुठं माहीत हाय, बेटी... कधी बघितलंच न्हाई." आणि त्या खिडकीखाली जमिनीवर बसल्या, गुडघे दुखत असताना. बसल्या आणि उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या, या वेळी स्वतःच्या हाताकडे बघत. तिसऱ्यांदा उठल्यावर त्यांनी तो हात माझ्यापुढे धरला.

"डावा," त्या म्हणाल्या.

पेन्सिल फळीवरच पडलेली होती. मी ती उचलली आणि मास्तरांच्या ओळींखाली लिहिलं, डावा.